बिनपापाचा बंदोबस्त

गोंदियातल्या कुठल्याही लेआउटमध्ये जा, दर तिसऱ्या-चौथ्या घरामागे एक बाडी असते आणि बाडीत एक निवृत्त माणूस असतो. बाडीत लिंबाचं एक झाड, कढीपत्ता, वांगी, भेदरे, सांभाराचा वाफा आणि कुंपणावर चढवलेला पोपटाच्या शेंगांचा वेल. माणूस बहुधा गुरुजी, क्वचित तहसीलमधला बाबू, नाहीतर रेल्वेतला. पण निवृत्तीनंतर सगळ्यांचा स्वभाव गुरुजींचाच होतो, म्हणून आपणही सगळ्यांना गुरुजीच म्हणू. गुरुजींना भाज्या आवडतात आणि प्राणिमात्रही आवडतात. अडचण एवढीच, की प्राणिमात्रांनाही नेमक्या त्याच भाज्या आवडतात.

नुसता मारणारा माणूस काही लिहिण्याचा विषय नाही. तो फवारतो, हात धुतो आणि जेवायला बसतो. मुळीच न मारणाराही नाही. तो बाजारातून वांगी आणतो आणि ती कोणाच्या फवारणीने वाचली हे विचारत नाही. गुरुजी हा तिसरा नमुना. कीड मेलेली असावी, पण ती आपण मारलेली नसावी, अशी त्यांची माफक अपेक्षा असते. आयुष्यभर त्रैराशिकं शिकवून उरलेली सगळी बुद्धी आता या एकाच गणितावर खर्च होते.

उंदराचंच घ्या. गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा, जिकडे तिकडे राईस मिल. उंदराला इथे जन्म मिळणं हे त्याचं पूर्वसुकृतच. गुरुजींच्या बाडीतला उंदीर मात्र धानावर समाधान मानत नाही, त्याला तोंडी लावायला कोवळं वांगं लागतं. पूर्वी गुरुजींकडे याला कायदेशीर उत्तर होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला पाचवी अनुसूची होती. तिच्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर आणि घुशी यांना उपद्रवी ठरवलेलं होतं. ‘मी कुठे म्हणतो? भारत सरकार म्हणते,’ असं सांगून गुरुजी पिंजऱ्यात भजं अडकवायचे. २०२२च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली आणि १ एप्रिल २०२३पासून हा आधार तुटला. उंदराला नावं ठेवणंच सरकारने सोडून दिलं, हे गुरुजींना फार लागलं. सरकार जबाबदारीतून निसटल्यावर पाप थेट त्यांच्या खात्यात जमा व्हायला लागलं.

मग ब्रोमॅडिओलोनची वडी आली. झिंक फॉस्फाइडचा उंदीर लवकर मरतो, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. ही वडी रक्त गोठू देत नाही. उंदीर आज खातो आणि तीन-चार दिवसांनी भलतीकडेच मरतो. गुरुजींना औषधापेक्षा हे मधले दिवस आवडले. तेवढ्या अवधीत उंदीर कोणाकोणाकडे जाईल, काय काय खाईल, नेमका कशाने गेला हे कोण सांगणार? ‘मी वडी ठेवली. ती खाल्लीच पाहिजे अशी सक्ती नव्हती.’ चौथ्या दिवशी वास यायला लागला की ते शेजारच्या घराकडे तोंड करून नाकाला रुमाल लावतात आणि त्या संध्याकाळी विष्णुसहस्रनाम दोनदा म्हणतात.

सहस्रनाम दोनदा म्हणूनही झोप लागेना, तेव्हा त्यांनी पुन्हा पिंजरा काढला. आता पकडायचा आणि सोडून द्यायचा. पहाटे पिंजरा पिशवीत घालायचा, पिशवी सायकलला लावायची आणि बालाघाट लाइनच्या पलीकडे जायचं. रूळ ओलांडून उंदीर परत येत नाही, असं गुरुजींचं संशोधन आहे. एका पहाटे समोरून पलीकडच्या लेआउटमधले गुरुजी आले. त्यांच्याही हातात पिशवी.

‘फिरायला का जी?’

‘हाव जी, फिरायला.’

दोघांनीही पिशव्या पाठीमागे धरल्या. पावसापाण्याच्या, पेन्शनच्या गोष्टी झाल्या. मग दोघांनी एकमेकांकडे पाठ करून आपापले पिंजरे उघडले. लेआउटची लोकसंख्या दोन्हीकडे जशीच्या तशी राहिली.

हे डोकं एकट्या गुरुजींचं नाही. या मुलखाची ती जुनी रीत आहे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, आमच्या भागात नारबोद. खोकला, ताप, डास, माशा, जे जे काही नको ते सगळं तिच्याबरोबर न्यायला सांगायचं आणि तिला शिवेबाहेर घालवायचं. मारायचं कोणालाच नाही. शिवेपलीकडेही गावच असतं आणि त्या गावाची नारबोद त्याच दिवशी आपल्या शिवेवर येऊन थांबलेली असते, ही बारीक बाब कोणी काढत नाही. मला ही प्रथा फार सभ्य वाटते.

गुरुजींच्या घराच्या दोन बाजूंना दोन निरनिराळी राज्यं आहेत. पुढच्या ओसरीखाली ते रोज सकाळी मुंग्यांना साखर घालतात, मागच्या बाडीत भेंडीच्या बुडाशी मुंग्यांची पावडर. पुढच्या मुंग्या आणि मागच्या मुंग्या एकाच वारुळातल्या असतील, असं एकदा मी सुचवून पाहिलं. गुरुजी म्हणाले, ‘मग ज्यांना जगायचं आहे त्यांनी पुढे यावं.’

या सगळ्याकडे काकू कशा पाहतात, हे विचारायची गरज नसते. त्यांना झुरळ दिसलं की त्या चप्पल काढतात, ‘मेलं’ म्हणतात आणि तव्यावरची पोळी उलथतात. एकदा गुरुजींनी त्यांना बसवून पंचसूना समजावून सांगितल्या. शास्त्राने म्हणे गृहस्थाच्या घरातली हिंसेची पाच ठिकाणं मोजून ठेवली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. इथे नकळत जीव मरतात, आणि त्याचं क्षालन व्हावं म्हणून पंचमहायज्ञ सांगितले. मनुस्मृतीत आहे. काकूंनी शेंगा निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. ‘पाचही माझ्याकडेच आहेत जी,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं एकही नाही त्यात. मग तुम्ही काहून रडता?’ त्यावर गुरुजींनी बाडी हे सहावं ठिकाण असून शास्त्रकारांच्या नजरेतून सुटलं, अशी मांडणी केली. काकू तोवर उठून गेल्या होत्या.

गुरुजींचा धाकटा भाऊ आमगावकडे धान करतो. त्याच्या बांधीत पाप-पुण्याचा विचार उभा राहायला धुरासुद्धा मोकळा नसतो. खोडकिडा, तुडतुडे आणि पूर्व विदर्भातल्या धानाच्या पाचवीला पुजलेली गादमाशी. तिची अळी कोंबात शिरली की लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी वर येते, आणि त्या नळीला दाणा धरत नाही. गुरुजी त्याला तुकोबांची गोष्ट सांगायला गेले. राखणीला बसलेल्या तुकोबांनी शेतातली पाखरं हाकलली नाहीत, खुशाल खाऊ दिलं, तरी मळणीला धान्य भरपूर निघालं, ती गोष्ट. भाऊ पंप पाठीवर चढवत होता. म्हणाला, ‘तुम्हाला पेन्शन आहे जी दादा, म्हणून तुम्हाला पाप परवडते.’ गुरुजींनी ही गोष्ट मला फार दुखावून सांगितली. मला मात्र गुरुजींच्या आयुष्यावर झालेलं एवढं नेमकं भाष्य दुसरं माहीत नाही.

त्यांचं प्राणिप्रेम खोटं आहे असं मात्र समजू नका. मारुती चितमपल्लींची पुस्तकं त्यांच्या कपाटात देवाच्या पोथ्यांशेजारी असतात आणि नवेगावबांधचा विषय निघाला की ते उभे राहून बोलतात. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियालाच यावं लागतं, याचा त्यांना जावयाच्या नोकरीपेक्षा जास्त अभिमान आहे. जूनमध्ये सारसांची मोजणी असते, तेव्हा दुर्बीण गळ्यात घालून ते पहाटे तलावावर हजर. धानाच्या बांधीत घरटं करणारा हा पक्षी, त्यामुळे शेतातली विषारी औषधं त्याच्याही पोटात जाऊ शकतात, हे तिथे कळल्यावर ते सुन्न झाले. घरी येऊन सगळ्या बाटल्या माळ्यावर टाकल्या आणि निंबोळी अर्क आणला. निंबोळीने कीड एकदम मरत नाही, तिचं खाणं सुटतं, वाढ खुंटते. गुरुजींचा चेहरा उजळला. ‘आपण मारत नाही जी. आपण फक्त तिला एकादशी धरायला लावतो.’ ती एकादशी बारस न येणारी आहे, हे बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

लिंबाच्या झाडाने मात्र गुरुजींना पुरतं कोंडीत पकडलं. लिंबाच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली की डोक्यामागून केशरी-तांबडी दुभंगलेली शिंगं काढून घाण वास सोडते. फार वर्षं गुरुजी तिला काडीने उचलून साबणाच्या पाण्यात सोडत. शिंगं काढते म्हणजे वृत्तीने राक्षसच, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. मग पुण्याहून आलेल्या नातीने सांगितलं की आजोबा, याचंच पुढे फुलपाखरू होतं. वर हेही सांगितलं, की २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरवलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य, आणि त्याचीही अळी लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढते. परसातल्या लिंबावर बहुतेक वेळा साधं लिंबू फुलपाखरूच असतं, पण ‘बहुतेक’ या शब्दावर गुरुजींची झोप उडाली. आजवर साबणाच्या पाण्यात आपण काय काय बुडवलं? एखाद्या राज्यचिन्हाचा तर अवमान झाला नाही? तेव्हापासून त्या झाडाला हात लावायची कोणाला परवानगी नाही. पानं जाळीदार झाली आहेत, लिंबू काकू बाजारातून आणतात, आणि गुरुजी भिंग घेऊन झाडाखाली बसतात, आतून निळं काही निघतं का ते पाहायला.

पावसाळ्यात गोगलगायी आल्या आणि गुरुजी पुन्हा कामाला लागले. गोगलगायीच्या बाबतीत आधी इतिहास त्यांच्या मदतीला आला. आफ्रिकेची मोठी शंखी गोगलगाय १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडली. तिच्या वंशजांनी २०२२मध्ये लातूर-बीडकडची कोवळी सोयाबीन साफ केली. आपल्या बाडीतल्या गोगलगायी त्याच घराण्यातल्या, हे गुरुजींनी कोणालाही न विचारता ठरवून टाकलं. म्हणजे मूळ पाप बेन्सनचं. पण बेन्सन काही संध्याकाळी टॉर्च घेऊन येणार नव्हता. उपाय कृषी खात्याचाच: गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं वाफ्यात ठेवायचं, खाली जमा झालेल्या गोगलगायी उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पोतं गुरुजींनी भिजवलं, बादलीत मीठही कालवलं. उचलून टाकायचं कोणी?

इथे महाभारत धावून आलं. आदिपर्वातले मांडव्य ऋषी. चोरीचा आळ येऊन राजाने त्यांना सुळावर चढवलं. पुढे त्यांनी यमधर्माला जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत काडी खुपसली होतीस, त्याचं हे फळ. ऋषी भडकले. एवढ्याशा पोराच्या खोडीला एवढी शिक्षा? त्यांनी यमाला मनुष्यजन्माचा शाप दिला, तोच विदुर. आणि मर्यादा घालून दिली, की चौदा वर्षांच्या आत केलेलं पाप पाप धरायचं नाही. गुरुजींनी ही कथा वर्गात अनेकदा सांगितली असेल, पण तिचा उपयोग त्यांना तेव्हाच कळला. त्यांनी कुंपणावरून समोरच्या घरातल्या पोट्ट्याला हाक मारली.

‘कितवीत रे तू?’

‘सातवीत जी गुरुजी.’

‘जन्मतारीख?’

दर ठरला एका गोगलगायीला एक रुपया. पोट्ट्याने पहिल्याच संध्याकाळी बादली निम्मी भरली. गुरुजी तेवढा वेळ देवघरात होते. पण रात्री त्यांना दुसराच कायदा आठवला. चौदाच्या आत पाप लागत नाही हे खरं, पण चौदाच्या आतल्या पोराला कामाला लावता येत नाही, हे १९८६च्या बालकामगार कायद्यात आहे, आणि २०१६च्या दुरुस्तीने तर ते सगळ्याच कामांना लागू झालं. यमधर्माची सूट जिथे संपते, नेमकी तिथूनच सरकारची परवानगी सुरू होते. माणसाने करावं काय? सकाळपर्यंत गुरुजींना त्या दुरुस्तीतलीच फट सापडली. शाळा सुटल्यावर मुलाने घरच्या कामात हातभार लावला तर चालतं. त्या दिवसापासून पोट्ट्याने त्यांना गुरुजी म्हणायचं नाही, आजोबा म्हणायचं, असं ठरलं. काकूंनी त्याला पोहे द्यायला सुरुवात केली, म्हणजे नातं कागदावर पक्कं.

गेल्या पावसाळ्यात तो आला तो खिशात हात घालूनच. ओठावर मिसरूड, आवाज फुटलेला.

‘आजोबा, मी नववीत गेलो जी. चौदा पूर्ण.’

‘मग?’

‘ते सुळावाले ऋषी तुम्हीच सांगितले ना? आता पाप माझ्या खात्यात लागणार. रेट पाच रुपये होईल जी.’

गुरुजींनी घासाघीस केली. भेदऱ्यांचा भाव सांगितला, पेन्शनचा आकडा सांगितला, धाकटा भाऊ आहे का विचारलं. धाकटा भाऊ होता, पण तो मामाकडे तिरोड्याला शिकत होता. शेवटी चारवर सौदा तुटला. पोट्ट्याने बादली उचलली आणि गुरुजी देवघरात गेले. रात्री त्यांनी खर्चाची वही काढली. मजुरी, भाजीपाला, औषधपाणी असे रकाने आखलेले आहेत. चार रुपये गुणिले गोगलगायी एवढी रक्कम त्यांनी नीट अक्षरात दानधर्माच्या रकान्यात लिहिली.