मिनिटांचा कार्पेट एरिया

बदलापुरात फ्लॅट बघायला गेलो तेव्हा साइटवरचा मुलगा म्हणाला होता, "स्टेशनपासून पाच मिनिटं, सर." पोरगा खोटं बोलला नाही. रविवारी दुपारी दोन वाजता, त्याच्या गाडीतून, पाचच मिनिटं लागली. सोमवारी सकाळी मला बावीस लागतात. शेअर रिक्षात पाठी तिघं बसून ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावणारा चौथा मिळेपर्यंतचा वेळ धरला, तर तीस.

पूर्वी बिल्डर फूटही असेच मोजायचे. सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना, लिफ्ट, लॉबी आणि बहुधा वॉचमनची खुर्चीसुद्धा आपल्याच पैशांत यायची. मग रेरा आला. महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून. आता घर विकायचं ते कार्पेटवर. फुटांना वेसण बसली, मिनिटं मात्र अजून मोकाट आहेत.

परवडणारं घर म्हणजे काय, हे जीएसटीवाल्यांनीही ठरवून टाकलंय: किंमत 45 लाखांपर्यंत आणि आमच्यासारख्या महानगरी भागात कार्पेट 60 चौरस मीटरपर्यंत. म्हणजे पैसा मोजला, जागा मोजली. त्या जागेत माणूस जागेपणी किती वेळ असेल, हा रकाना फॉर्ममध्ये नाही.

म्हणून मीच हिशेब मांडला. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. वेळापत्रकात लोकलला जेवढा वेळ दिलाय, तो कार्पेट. त्यात रिक्षाची रांग आणि पुलावरची चेंगराचेंगरी मिळवली की बिल्टअप. कल्याणच्या अलीकडे गाडी उगाच उभी राहते आणि सगळा डबा एकदम खिडकीबाहेर बघायला लागतो, तो सुपर बिल्टअप. जाऊन-येऊन चार तास. वर्षाला तीनशे दिवस धरले तर बाराशे तास, म्हणजे सबंध पन्नास दिवस. कर्ज वीस वर्षांचं. तेव्हा हजार दिवस, पावणेतीन वर्षं, मी गाडीत. घरकर्जाच्या कागदांवर चाळीसेक सह्या केल्या होत्या, पण हा हप्ता कुठल्या पानावर होता ते आठवत नाही.

बरं, गाडीत म्हणजे बसून असंही नाही. 'बदलापूरहून सुटणारी लोकल' हा शब्दप्रयोग कागदोपत्री बरोबर आहे. पण ती बदलापूरला येते तीच भरलेली. अंबरनाथची मंडळी डाऊन करून, म्हणजे उलटी बसून, आधीच जागा धरून आलेली असतात. काहींचा तर पेपर वाचून झालेला असतो. आपल्याच गावात, आपल्याच नावाच्या गाडीत आपण चौथ्या सीटसाठी "जरा सरका" म्हणायचं.

1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली, तेव्हा चौदा डब्यांत 400 पाहुणे होते आणि 21 तोफांची सलामी झाली होती. गेले कुठे? ठाण्याला, 34 किलोमीटर. मी रोज त्याच्या दुप्पट जातो, तेवढी माणसं एका डब्यात घेऊन. तोफ नको, पण दारातल्याने निदान पाठीवरची सॅक तरी पुढे घ्यावी.

आमच्या घराण्याचा प्रवासही या रुळांवरूनच चाललाय. आजोबा गिरगावातल्या चाळीत, वडील डोंबिवलीत, मी बदलापुरात. मुलगा कर्जत गाठेल. नातू घाट चढून लोणावळ्याला गेला की त्याला मुंबईपेक्षा पुणं जवळ पडेल आणि हा प्रश्न मराठी माणसाच्या पद्धतीने, म्हणजे आपोआप, सुटेल.

डोंबिवलीचे नातेवाईक कधीमधी येतात. गॅलरीतून डोंगर बघून आत्या म्हणते, "किती मोकळी हवा रे! इथून हलूच नये असं वाटतं." आणि चारला चहाचा कप खाली ठेवून चपला शोधायला लागते, कारण पुढे गर्दी होते. ती मोकळी हवा मी अजून नीट पाहिलेली नाही. सकाळी निघतो तेव्हा अंधार, परततो तेव्हाही अंधार. डोंगर मला फोटोत दिसतो, बायको ऑफिसच्या वेळेत पाठवते.

गेल्या महिन्यात साडूने वांगणीला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गेलो. "तुमचं बरंय," तो म्हणाला, "तुम्ही शहरात राहता. आम्हाला बदलापूर कुठलं परवडायला!" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला शहरातला म्हणालं होतं. मी जिलबी जरा सावकाश खाल्ली. "स्टेशन किती लांब?" मी विचारलं.

"पाच मिनिटं."

मग त्याने गॅलरी दाखवली. शेतं होती, पलीकडे डोंगर होता. "किती मोकळी हवा!" मी म्हणालो. "इथून हलूच नये असं वाटतं."

तोवर बायकोने माझ्या चपला दाराशी आणून ठेवल्या होत्या. चार वाजत आले होते.