माशी कुठे शिंकली?

साठी ओलांडलेल्या नवशिक्यांसाठी अवजड रायफलची बाळबोध प्रवेशिका

साहित्य : एक जुनी दोननळी रायफल, एक चालू मुदतीचा परवाना, साठीपुढचे दोन डोळे (एक असला तरी भागतं), कापराच्या दोन वड्या, लांब दांड्याची एक छत्री आणि केटलीभर उकळतं पाणी. कॅरम बोर्ड असल्यास उत्तम. तो कशाला, ते शेवटी कळेल.

धडा पहिला : रायफल मिळवणे

विकत घेण्याच्या फंदात पडू नका. अशी रायफल वारशानेच मिळवावी, म्हणजे दोष आजोबांवर ढकलता येतो. आमच्याकडे ती आली त्याचं असं झालं. १९५१ साली मालगुजारी बुडाली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि आजोबा तिथल्या महाल भागात वकिली करायचे. भंडाऱ्याकडच्या एका मालगुजाराचे दावे त्यांच्याकडे होते. मालगुजारी गेली, दावे गेले, थकलेली फी तेवढी राहिली. एका संध्याकाळी मालगुजाराचा माणूस टांग्यातून चामड्याची लांबोडकी पेटी घेऊन आला आणि म्हणाला, "पैसे त नाहीत जी, हे ठेवून घ्या." परवान्याचे सोपस्कार मागाहून झाले.

पेटीत .४७० नायट्रो एक्सप्रेस. वजन पाच किलोच्या घरात, म्हणजे हातात धरल्यावर आधी गव्हाची पिशवी आठवते आणि मग वाघ. आमच्या पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांना 'मामा तलाव' म्हणतात, सरकारी कागदातसुद्धा. त्याच न्यायाने घरात या रायफलीला 'मामा' नाव पडलं. मामा कपाटात आहेत, मामांना तेल द्यायचंय, मामांच्या परवान्याची मुदत संपत आली. नवीन मोलकरणीला पहिले सहा महिने वाटतं, आत कुणीतरी आजारी माणूस आहे.

बोअरचा आकडा असा अडनिडा का, हा प्रश्न नवशिक्याला पडतोच. शिकाऱ्यांची लाडकी बोअर होती .४५०. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री बंदुकाही त्याच मापाच्या. शिकारीची काडतुसं बंडखोरांच्या हाती लागली तर काय घ्या, या धास्तीने इंग्रज सरकारने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० वर बंदी घातली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी माप केसभर वाढवलं आणि .४६५, .४७०, .४७५ अशी नवी भावंडं बाजारात आणली. कारकुनाच्या एका शेऱ्यातून जन्माला आलेली इतकी देखणी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. हाच न्याय अजून चालू आहे. .३०३ लष्करी म्हणून तुम्हाआम्हाला वर्ज्य, आणि इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ मात्र चालते.

मामांची गोळी ५०० ग्रेनची. आपल्या हिशेबात पावणेतीन तोळे. हा हिशेब घरात मोठ्याने करू नये. आमच्या सौभाग्यवतींनी ऐकला आणि एवढ्यात चांगलं मंगळसूत्र झालं असतं, असं त्या दर दिवाळीला म्हणतात. गोळी शिशाची आहे, हे सांगून उपयोग होत नाही.

धडा दुसरा : काय मारायचं

काहीही नाही.

एकेकाळी हे नागपूर शिकाऱ्यांचं माहेरघर होतं. इथल्याच मॉरिस कॉलेजातून बाहेर पडलेल्या विद्याचरण शुक्लांनी १९५७ साली लोकसभेत जाण्याआधी अ‍ॅल्विन कूपर नावाची शिकारसफरींची कंपनी काढली होती. परदेशी पाहुणे यायचे, मचाणं बांधली जायची, हाके निघायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दुकान बंद केलं, आणि बरंच केलं. आता वाघ पाहायचा तर पेंचला जिप्सीत बसा. बिनधोक पाहायचा तर १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय आहे, आपला अजब बंगला. तिथली जनावरं पेंढ्याची असल्यामुळे चष्मा विसरला तरी हलत नाहीत.

वरातीत बार काढू नका. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे. शेतात बाटली ठेवूनही नको. या गोळीला बाटलीपाशी थांबायची सवय नाही. उरला कागद. रेंजवर, मातीच्या उंच बांधापुढे टांगलेला, काळ्या वर्तुळाचा. तेवढंच तुमचं जंगल.

धडा तिसरा : डोळा

हा धडा सावकाश वाचा. अक्षर बारीक वाटत असेल तर तुम्ही योग्य वर्गात बसला आहात.

नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात : डोळ्याजवळची पसरट खाच, नळीच्या टोकावरची माशी (म्हणजे नेमाचा मणी) आणि पलीकडचं लक्ष्य. विशीतला डोळा या तिघांवर इतक्या झपाट्याने फिरतो की आपल्याला तिन्ही एकदम दिसतात, असाच त्याचा समज होतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठरायला लागतं. साठीपर्यंत त्याचं फुगणं जवळजवळ थांबतं, आणि तिघांतलं एक निवडायची पाळी येते. नवशिका हमखास लक्ष्य निवडतो. मारायचं ते बघायचं, असा त्याचा सरळ हिशेब. मग माशी विरघळत्या बत्ताशासारखी दिसते आणि गोळी पुढच्या तालुक्यात जाते.

तेव्हा पाहायची ती माशी. लक्ष्य पुसट झालं तर होऊ द्या. पुसट गोलाचाही मध्य डोळा बरोबर काढतो. माशी मात्र खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर शंभर मीटरवर गोळी वीतभर चुकते. काम बिघडल्यावर माशी कुठे शिंकली म्हणून जी चौकशी होते, तिचं उत्तर आमच्या धंद्यात नेहमी सापडतं. नळीच्या टोकावर.

आता चष्मा. प्रोग्रेसिव्ह काच इथे कामाची नाही. गाल दस्त्याला टेकला की मान झुकते, नजर काचेच्या वरच्या भागातून जाते, तिथे दूरचा नंबर असतो आणि माशी गायब होते. एकाच नंबराची काच घ्या. गणित सोपं आहे. माशी डोळ्यापासून साधारण मीटरभर लांब. ती लख्ख दिसायला दूरच्या नंबरात अधिक एक घालावा लागेल, लक्ष्याला शून्य. मधोमध म्हणजे अधिक अर्धा; त्यात दोघंही सारखेच पुसट, पण सोसण्याजोगे. मी माशीला झुकतं माप देऊन पाऊण मागितला.

रायफल घेऊन चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. घरी दोऱ्याने डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजा. आमच्या मामांचं ९४ सेंटीमीटर भरलं. तेवढ्यावर येईल अशा बेताने छत्रीच्या टोकाला पांढरा मणी चिकटवा आणि छत्री घेऊन जा. माझी परीक्षा एका पोरसवदा मुलीने घेतली.

"काका, नेमकं काय पाहायचं आहे तुम्हाला?"

"माशी."

"घरात खूप झाल्या का?"

"घरात नाही. टोकावर. ही बघ, इथे." मी छत्री गालाला लावून एक डोळा मिटला. बाकावरच्या बाईंनी नातवाला जवळ ओढलं.

"डोळ्यापुढे माश्या उडून राहिल्या का काका? मग रेटिना दाखवून घ्यावा लागते."

"उडत नाही ना! उडली असती तर दिसली असती. बसली आहे, म्हणूनच दिसत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि चाचणीच्या चौकटीत पाऊण नंबराची काच सरकवली. मण्याची कड एकदम उगवली. मागच्या भिंतीवरची अक्षरं थोडी विटली, पण वाचता येत होती. मुलगी हुशार. कार्डावर 'उपयोग' या रकान्यात वाचन, संगणक, वाहन असे तीन चौकोन छापलेले होते. तिने पेनाने चौथा काढला, पुढे 'माशी' लिहिलं आणि बरोबरची खूण केली.

एक फुकटचा उपायही आहे. मूठ आवळून तिच्या बारीक भोकातून पाहा. चष्म्याशिवायही कॅलेंडरवरची तिथी वाचता येईल. भोक जितकं लहान, तितकं जवळचं-दूरचं एकत्र स्पष्ट. काळ्या चिकटपट्टीला दाभणाने दीड मिलिमीटरचं छिद्र पाडून ती काचेवर नेमाच्या जागी लावली, की तेच काम होतं. उन्हातही तेच होतं, कारण बाहुली आकसते. नागपूरच्या मे महिन्याचा मला सापडलेला हा एकमेव फायदा. भर दुपारी बारा वाजता माझी नजर पन्नाशीची असते. बाकी शरीर त्या वेळी कितीचं असतं, ते विचारू नका.

पण ऊन दगाही देतं. मामांची माशी हस्तिदंती, गर्द झाडीतल्या अंधारात चमकावी म्हणून लावलेली. उघड्यावर तिची उन्हाकडची बाजू तेवढी झळाळते, डोळा तिलाच मध्य समजतो आणि गोळी सावलीच्या बाजूला सरकते. यावर औषध देवघरात आहे. कापूर पेटवून त्याची काजळी माशीवर धरा. मखमली काळी होते, चमक मरते. रायफल रिकामी आहे ना, हे त्याआधी दोनदा पाहा, आणि आरतीच्या वेळी हे करू नका. आमच्याकडे एकदा निरांजन आणि मामा एकाच वेळी ओवाळले गेले असा गैरसमज झाला होता.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर नेमाच्या डोळ्यात कोणत्या अंतराचं भिंग हवं, हे आधीच बोलून घ्या. एका अंतराचं भिंग एकदा बसलं की ते अंतर कायमचं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत या बोअरला खांदा देऊ नका. धक्का .३१५ च्या तीन-चार पट असतो आणि तो खांद्यावर थांबत नाही.

धडा चौथा : बार

दोननळीला दोन चाप. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. नवशिक्याने एकच नळी भरावी. मी पुस्तकं वाचून गेलेलो, त्यामुळे दोन्ही भरल्या. माशी पाहिली, अगदी अशी पाहिली की तिच्यावरची काजळीसुद्धा मोजली असती. पुढचा चाप हळूच दाबला. धक्क्याने हात मागे सरकला आणि मागच्या चापावर आपटला. साडेपाच तोळे एकदम गेले. पुढचं मला आठवतं ते आकाश.

रेंजवर एक निवृत्त सुभेदार असतात. त्यांनी मला उठवलं, टोपी झटकून दिली, मग दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिले.

"लागली का?"

"लागली ना साहेब. दोन्ही लागल्या. बांधाला."

काडतूस जुनं असेल, तर कधी चाप ओढल्यावर नुसतं टक् वाजतं. रायफल उघडून आत डोकावायचा मोह होतो. डोकावू नका. दारू ओलसर होऊन सुस्तावलेली असते, पाठीमागून जागी होऊ शकते. नळीचं तोंड बांधाकडेच ठेवा आणि मनातल्या मनात सावकाश अख्खं मारुतीस्तोत्र म्हणा. संपल्यावरच उघडा. सुभेदार नास्तिक आहेत, ते साठ आकडे मोजतात.

एकेक नळी भरून पुढचे चार बार काढले. शेवटचा काळ्या वर्तुळापासून चार बोटं खाली लागला. सुभेदारांनी त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला आणि तारीख घातली. तो कागद आमच्या दिवाणखान्यात लावलेला नाही, कारण तिथे नातवाचं प्रमाणपत्र आहे.

धडा पाचवा : आवराआवर

जुन्या काडतुसाच्या टोपीतला क्षार नळीत राहतो आणि रातोरात गंज धरतो. तो तेलाने जात नाही, पाण्याने जातो. म्हणून घरी आल्याबरोबर केटलीतलं उकळतं पाणी नसराळ्याने दोन्ही नळ्यांतून ओता. तापलेली नळी आपसूक वाळते. मग कापड, मग तेल. ती केटली परत चहाला वापरायची नाही, हे तुम्हाला सांगितलं जाईलच.

एवढं जमलं, खांद्याचा निळा डाग पिवळा झाला, आता हात बसेल असं वाटलं, की निवडणूक लागते. आचारसंहितेत यादीत नाव आलं की शस्त्र ठाण्यात जमा. २०२४ मध्ये मामा दोनदा जाऊन आले, एकदा लोकसभेला, एकदा विधानसभेला. पावती घेताना हवालदाराने रकान्यात बोअर लिहिली, वजन उचलून पाहिलं आणि विचारलं, "वारसाच्या नावावर नाही करत का काका? सत्तरीला देता येते ना." देता येते खरी, पण वारस पुण्याला असतो आणि त्याला मामा म्हटलं की खरे मामाच आठवतात.

मामा ठाण्यात, चष्मा घरी. त्याने पेपर वाचता येईना आणि टीव्हीही धड दिसेना. तसाच नाकावर ठेवून संध्याकाळी बागेतल्या ज्येष्ठांच्या मंडळात गेलो, तर कॅरमचा डाव पडलेला. बसलो. समोरच्या कोपऱ्यातलं भोक डोळ्यापासून बरोबर मीटरभर. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची कड दिसली. राणी गेली, मागोमाग कव्हर गेलं. त्या आठवड्यात मी तर्रीपोह्यांच्या अकरा प्लेटी जिंकलो, आणि बाराव्या डावाला भिडूंनी चष्मा काढून घेऊन नंबर विचारला.

काल दुकानातून त्या मुलीचा फोन आला.

"काका, आज चौथे आजोबा आले. सगळे माशीचाच चष्मा मागून राहिले. तुमच्या कॉलनीत फवारणी करून घ्या ना एकदा."