नवा कॉम्प्युटर जोडला, पण चालूच होईना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन. लॅमिंग्टन रोडवरच्या चार दुकानांत भाव काढून, पाचव्या दुकानात घासाघीस करून तुम्ही सुटे भाग घरी आणले, यूट्यूब थांबवत थांबवत जोडले, झाकण लावलं, बटण दाबलं. आणि काहीच झालं नाही. पंखा नाही, दिवा नाही, साधा बीपसुद्धा नाही. ही मार्गदर्शिका नेमकी याच क्षणासाठी आहे.

मूळ नियम

संशय नेहमी स्वस्ताकडून महागाकडे न्यावा. माणूस नेमकं उलट करतो. बटण दाबून पाच सेकंद होत नाहीत तोच तो ‘मदरबोर्ड उडाला’ असं जाहीर करतो, दहाव्या सेकंदाला दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरतो आणि भिंतीवरचं बटण चालू आहे का, हे संध्याकाळी बघतो. म्हणून खाली प्रत्येक पायरीपुढे खर्च दिला आहे. वरची पायरी झाल्याशिवाय खालची करू नये.

पायरी १: खोली रिकामी करा (खर्च: चहा)

ही पायरी तांत्रिक वाटत नसली तरी वगळू नका. बाबा ‘तयार मिळतो तो का नाही घेतला’ असं विचारणार. काका ‘व्होल्टेज कमी असेल’ असं निदान करणार, कारण त्यांच्या मते फ्रिजपासून जावयापर्यंत सगळ्यांचं दुखणं तेच असतं. सगळ्यांना एकच उत्तर द्या: ‘कॉन्फिगर होतोय.’ या वाक्याला पुढे प्रश्न विचारायचं धाडस सहसा कोणी करत नाही.

पायरी २: भिंतीपासून सुरुवात करा (खर्च: शून्य)

काखेत कळसा असतो तो इथेच. तीन बटणं तपासायची आहेत. पहिलं भिंतीवरचं. दुसरं स्पाइक गार्डचं, ज्याचा लाल दिवा गेल्या दिवाळीतच गेलेला असतो. तिसरं कॅबिनेटच्या मागे, एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. त्यावर उभी रेघ आणि गोल अशी दोन चिन्हं असतात. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. गोल पूर्ण दिसतो म्हणून तोच ‘चालू’ असेल, असा तर्क लढवू नये.

त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. मोठ्या एसएमपीएसबरोबर कधी कधी १६ अँपिअरचा जाडा प्लग येतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये दाबून बसवायचा नसतो. गीझरसाठी असतं तसं मोठं सॉकेट शोधा किंवा योग्य केबल आणा. तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, कापून किंवा टाळून जुगाड करू नका. तसं केलं तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि काका पुन्हा खोलीत येतात.

जुना किंवा अगदी स्वस्त एसएमपीएस असेल तर मागे एक लाल सरकतं बटण असतं: ११५ आणि २३०. आपल्याकडे ते २३०वरच हवं. ११५वर ठेवून वीज सोडली तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज उरत नाही.

पायरी ३: दोन जाड केबल (खर्च: शून्य)

इथून पुढे कुठल्याही केबलला, पिनेला किंवा पट्टीला हात लावण्यापूर्वी वीज बंद करा.

मदरबोर्डला दोन ठिकाणी वीज लागते. एक २४ पिनांची रुंद केबल, बोर्डाच्या उजव्या कडेला. ती सगळे लावतात, कारण ती दिसते. दुसरी ८ पिनांची, वरच्या डाव्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या शेजारी. ती कॅबिनेटच्या मागच्या बाजूने वर नेऊन एका चिमुकल्या भोकातून ओढावी लागते, म्हणून ‘नंतर लावू’ म्हणून राहून जाते. ती नसेल तर बऱ्याच बोर्डांवर पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो.

दोन्ही केबल ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. खाच अडकलेली दिसली पाहिजे. ‘बसली असेल’ चालत नाही. ग्राफिक्स कार्डची ८ पिनांची केबल दिसायला जुळी बहीण वाटते, पण ती वेगळी आहे. टोकावर छापलेलं वाचा. आणि केबल सुटी निघणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल त्याला कधीही लावू नका. ती फिट बसते. फिट बसते हाच धोका, कारण आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो आणि चुकीच्या तारेतून गेलेली वीज हार्ड डिस्क जाळते.

पायरी ४: केसाएवढ्या तारा (खर्च: शून्य, दृष्टी वगळून)

कॅबिनेटच्या पुढच्या बटणातून निघालेल्या बारीक तारा बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लावायच्या असतात. तिथे पिनांच्या दोन ओळी दिसतील: एकीत पाच, दुसरीत चार, आणि एक कोपरा रिकामा. बहुतेक बोर्डांवर चारच्या ओळीतल्या, रिकाम्या कोपऱ्याकडच्या दोन पिना चालू-बंद बटणाच्या असतात. तरी आपल्या बोर्डाची पुस्तिका उघडून खात्री करा. होय, तीच, जी तुम्ही न उघडता खोक्यात परत ठेवलीत.

बटणाची जोडी उलटी लावली तरी चालते. दिव्यांच्या जोड्यांना मात्र अधिक-उणं असतं. उलटी लागली तर दिवा लागत नाही, एवढंच. त्यासाठी कॉम्प्युटर अडून बसत नाही.

आता या मार्गदर्शिकेतला सर्वांत देखणा प्रयोग. तारा काढा, वीज चालू करा, स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना एकदम, क्षणभरच टेकवा. बटण आत हेच करतं. तिथे फार तर ५ व्होल्ट असतात, त्यामुळे घाबरू नका. फक्त हात स्थिर ठेवा आणि शेजारच्या पिनांना स्पर्श होऊ देऊ नका. कॉम्प्युटर घरघरला, तर दोष कॅबिनेटच्या बटणात आहे. रीसेटच्या बटणाची तार तिथे जोडून टाका आणि आयुष्यभर रीसेट दाबून कॉम्प्युटर चालू करा. पाहुणे विचारतील. सांगू नका.

पायरी ५: एसएमपीएसची परीक्षा (खर्च: एक स्टीलची यू-पिन)

इंटेलने १९९५ साली एटीएक्स मानक आणलं, तेव्हापासून एसएमपीएस स्वतःहून पूर्ण चालू होत नाही, बोर्डाच्या इशाऱ्याची वाट बघतो. तो इशारा आपण देऊ शकतो. वीज बंद करा, बोर्डापासून सगळ्या केबल काढा, २४ पिनांच्या टोकात हिरवी तार आणि कुठलीही काळी तार यू-पिनेने जोडा, मग वीज चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. काही नव्या एसएमपीएसचा पंखा भार नसताना फिरतच नाही, हे लक्षात ठेवा. सगळ्या तारा काळ्या असतील तर २४ पिनांच्या टोकाच्या आकृतीत सोळावी पिन शोधा. खात्री नसेल तर दुकानात टेस्टरवर लावून घ्या. तिथे मिनिटभराचं काम असतं.

एसएमपीएस उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त साठून राहू शकतात. इथे विनोद संपतो.

पायरी ६: सगळं बाहेर काढा (खर्च: एक रविवार)

मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढंच जोडून स्क्रू ड्रायव्हरचा प्रयोग पुन्हा करा. बाहेर चालू झाला आणि आत होत नसेल, तर बोर्डाखाली कुठेतरी धातू धातूला टेकतोय. पूर्ण आकाराच्या एटीएक्स बोर्डाला सहसा नऊ भोकं असतात. कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खुंट, त्या भोकांखालीच हवेत. भोक नसलेल्या जागी राहिलेला एक स्टँडऑफही बोर्डाला शॉर्ट करतो. शिवाय रिकामं कॅबिनेट हलवून बघा. खुळखुळ्यासारखा आवाज आला, तर तो काल हरवलेला स्क्रू.

पायरी ७: चालू झाला, पण पडदा काळा (खर्च: संयम)

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात, ते पहा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, त्यात चित्र दाखवायची सोयच नसते. केबल कार्डातच हवी. रॅम पक्की दाबा. एकच पट्टी असेल तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. आणि डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू होताना बोर्ड ती रॅम ओळखून जुळवून घेत काही मिनिटं काढतो. तेवढा वेळ काळा पडदाच दिसतो. अधीर होऊन बटण दाबू नका. घरचे डोकावले तर ‘कॉन्फिगर होतोय’ म्हणा. आता ते खरंही आहे.

पायरी ८: महागड्या संशयितांची पाळी (खर्च: विचारू नका)

इथवर येऊनही काही झालं नाही, तरच प्रोसेसर काढून सॉकेटमध्ये मोबाइलचा टॉर्च मारा. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये नावाप्रमाणेच १७०० पिना असतात, आणि त्यातली एक वाकलेली पुरते. वाकलेली दिसली तर सुईने सरळ करायला बसू नका. फोटो काढा आणि माहीतगाराकडे जा. सगळ्या सरळ असतील तर मग खुशाल म्हणा, मदरबोर्ड गेला. आता तुम्हाला तो अधिकार आहे.

शेवटची सूचना

तयार कॉम्प्युटर बिघडला की एका कंपनीला फोन लावता येतो. स्वतः जोडलेल्याची वॉरंटी भागागणिक वेगळी असते; बोर्डाची एकीकडे, रॅमची दुसरीकडे, एसएमपीएसची तिसरीकडे. मध्ये जोडणारे तुम्ही, आणि तुमची वॉरंटी कोणीच देत नाही. सर्व्हिस सेंटर बिल आणि सीरियल नंबर मागतं, तुमची कहाणी नाही. तेव्हा बिलांचे आणि सीरियल नंबरांचे फोटो आजच काढून ठेवा, आणि खोकी रद्दीवाल्याला द्यायची घाई करू नका.