१९०० पाठ करा

कंपनी आवडत नसेल तर कंपनी सोडा, नंबर सोडायची गरज नाही. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. तरीही गावोगाव माणसं रेंजसाठी गच्चीवर चढतात, खाली उतरून त्याच कंपनीचा रिचार्ज मारतात आणि वर सांगतात, "काय करणार, नंबर सगळीकडे दिलाय." अहो, मग तोच नंबर घेऊन निघा!

मेसेजमध्ये इंग्रजीत 'पोर्ट' लिहायचं, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकायचा आणि १९०० ला पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो. तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तेवढ्यात कोड आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. त्याच सर्कलमध्ये राहणार असाल तर कामाच्या तीन दिवसांत नंबर तिकडे जातो, सर्कल बदलत असेल तर पाच. मुंबई हे वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळं, हे पुण्याहून मुंबईला नोकरीला आलेल्यांनी ध्यानात ठेवावं. जुलै २०१५ पर्यंत सर्कलची ही वेस ओलांडून पोर्ट करताच येत नव्हतं. आता येतं.

जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. थकवून पळालात तर नव्या कंपनीतही नंबर तोडला जाऊ शकतो, आणि त्यात गैर काही नाही. नंबर ऑफिसच्या नावावर असेल तर ऑफिसचं पत्र लागतं. प्रीपेडमधला शिल्लक बॅलन्स मात्र बुडतो, म्हणून पॅक संपत आला की मगच निघावं. १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली: सिम बदलून घेतलं असेल तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. तुमच्या नावाने भामट्याने दुसरं सिम काढून नंबरच पळवू नये म्हणून ही अट आहे. तिच्यावर कुरकुर करू नये. आणि आलेला कोड फोनवर कुणालाही सांगू नये, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. वाकडेपणा कंपन्यांनी केला, तो २०२१ मध्ये. त्या वर्षअखेरीस खासगी कंपन्यांनी दर चढवले. साहजिकच लोक पोर्टचा मेसेज पाठवायला लागले, आणि अनेकांना कळलं की आपल्या स्वस्त पॅकमध्ये मेसेज पाठवायची सोयच नाही. जायचं असेल तर मेसेज पाठवा, मेसेज पाठवायचा असेल तर आधी महागडा पॅक मारा! मोठा पॅक परवडणाऱ्याला दार उघडं आणि ज्याला एकेक रुपया मोजावा लागतो त्याच्या दाराला कडी. ग्राहकाचा हक्क पॅकच्या किमतीवर ठरवणं ही सरळ सरळ लूट होती. ७ डिसेंबर २०२१ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना बजावलं की पॅक कोणताही असो, प्रीपेड असो की पोस्टपेड, १९०० ला जाणारा पोर्टचा मेसेज गेलाच पाहिजे. ट्रायच्या खात्यावर जमा धरावीत अशी कामं आहेत, त्यात हे वर आहे. पण हा आदेश किती ग्राहकांना ठाऊक आहे? दुकानदाराने "तुमच्या पॅकमध्ये मेसेज नाही, पोर्ट होणार नाही" म्हटलं की माणूस मान डोलावून घरी जातो. तेव्हा तिथल्या तिथे सांगा, की तसा आदेश आहे.

आणखी एक बदल चांगला झाला. पूर्वी तुम्हाला जाऊ द्यायचं की नाही हे जुनी कंपनीच तपासायची, आणि नकाराची कारणं तिला भराभर सुचायची. १६ डिसेंबर २०१९ पासून अटी आधी तपासल्या जातात आणि मगच कोड तयार होतो, तोही पोर्टिंगसाठी नेमलेल्या मधल्या संस्थेकडून. निघालेल्या ग्राहकाला जुन्या कंपनीचा फोन येतो आणि स्वस्त पॅकची लालूच दाखवली जाते, ते अजून थांबलेलं नाही. इतकी वर्षं पैसे भरणाऱ्याला जे दिलं नाही ते निघताना कसं सापडतं, हा प्रश्न त्या फोनवरच्या पोराला विचारू नये, तो पगारी आहे. कंपनीला विचारावा, आणि निघावं.

मला खरी काळजी आहे ती वेगळ्याच माणसांची. पोर्टिंग त्यालाच, ज्याचा नंबर चालू आहे. आणि नंबर चालू त्याचाच, जो रिचार्ज मारू शकतो. पॅक संपला की आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग. सलग ९० दिवस वापरच नसेल तर सिम बंद करायची मुभा कंपनीला आहे. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद केलेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, पण नंतर देतात. आता त्या नंबरावर काय काय लटकलेलं असतं बघा: बँकेचा ओटीपी, आधार, गॅसचं बुकिंग, पोरांच्या शाळेचे निरोप, व्हॉट्सॲप. बीडहून ऊसतोडीला गेलेलं जोडपं हंगामभर एका फोनवर भागवतं, दुसरा घरी म्हातारीकडे राहतो आणि त्यात रिचार्ज नसतो. दोघांतला एक नंबर असा गेला की नवं सिम मिळतं, पण आधारला नवा नंबर जोडायला केंद्रावर खेटे, बँकेत वेगळे खेटे, आणि जुन्या नंबरावर येणारा ओटीपी कुण्या अनोळखी माणसाच्या हातात.

कंपनी बदलताना नंबर राखायचा हक्क सरकारने दिला, तर गरिबी आली म्हणून तो काढून का घ्यायचा? बंद पडलेला नंबर वर्षभर त्याच माणसासाठी राखून ठेवा. इनकमिंग मेसेज तेवढे चालू ठेवा, त्याने कंपनीचा टॉवर कोसळत नाही. शेवटी नंबर दुसऱ्याला द्यायचाच असेल तर आधी बँका आणि आधार यांच्या नोंदीतून तो कापला गेलाय याची खात्री करायची जबाबदारी कंपनीवर टाका, ग्राहकावर नको. यासाठी ट्रायला आणखी एक दुरुस्ती करावी लागेल. पोर्टिंगच्या नियमांत आतापर्यंत नऊ केल्याच आहेत, दहावी ह्या माणसांसाठी करा.