नानांचं अजून काही ठरलेलं नाही!

अहो वहिनी, ऐकलंत का? रविवारी नानांकडे बघण्याचा कार्यक्रम झाला! छे हो, नातीचा कुठला, मांजराचा. आणि गंमत म्हणजे मांजर आलंच नव्हतं. त्या रेस्क्यूवाल्यांची मुलगी आली होती, घर बघायला. माईंनी पोहेसुद्धा केले होते, खोटं कशाला बोलू!

आता भाऊसाहेब गेल्यापासून नानांची काय दशा झालीय, ते तुम्ही पाहताच आहात. सोळा वर्षांचा बोका, म्हातारपणी किडनीनं धरलं. नाना रोज सकाळी कातडीखाली सलाइन द्यायचे, स्वतःच्या हातानं. बाटली अडकवायला म्हणून कालनिर्णय खिळ्यावरनं उतरवलं, ते अजून टीव्हीमागेच पडलंय. माईंना चतुर्थी विचारायला माझ्याकडे यावं लागतं...

तर काय सांगत होते, पलीकडच्या आत्या म्हणाल्या, 'वर्ष झाल्याशिवाय दुसरं जनावर आणू नये.' आता बोक्याचं कसलं हो वर्षश्राद्ध? पण नानांना आयतंच मिळालं. कोणी विषय काढला की, 'वर्ष होऊ दे.' मग माईंनी काय करावं? आत्या समोर बसलेल्या असताना डॉक्टरांना फोन, आणि तोही स्पीकरवर! डॉक्टर म्हणाले, 'बोका पॅनल्यूकनं गेला असता तर थांबा म्हटलं असतं. तो व्हायरस घरात वर्षभर टिकतो, लस न दिलेलं पिल्लू आणलं की संपलंच. किडनी थोडीच चिकटते कुणाला?' आत्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. चहा अर्धा टाकून उठल्या.

हां, तर ती मुलगी. एवढीशी पोर, कोपरापर्यंत ओरखडे, पण प्रश्न काय एकेक! खिडक्यांना जाळी का नाही? फरशी फिनेलनं पुसता का, ते मांजरांना विष असतं. दूध देणार का? माई म्हणाल्या, 'देणार की, वाटीभर!' तर म्हणे, मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही, पोट बिघडतं. नाना पुटपुटले, 'आमचा सोळा वर्षं प्यायला.' तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हुशार आहे.

आणि मग, अहो, तिनं सरळ विचारलं, 'आजोबा, तुमचं वय?' अठ्ठ्याहत्तर. 'पिल्लू नेलंत तर ते पंधरा वर्षं सहज जगेल. तुमच्यानंतर कोण बघणार त्याला?'

माईंच्या हातात पोह्यांचा डाव तसाच. मी तिथंच होते हो, विरजण मागायला गेले होते. मला वाटलं, आता नाना भडकणार. तर ते माईंकडे बघून म्हणतात कसे, 'मी इतके दिवस काय सांगतोय मग?' म्हणजे बघा, ते वर्षबिर्ष सगळं बोलायला. माईंचा चेहरा असा पडला...

पण मुलगी उठली नाही. मोबाइलवर फोटो काढून दाखवला. आठेक वर्षांची मांजरी, काळीपांढरी, कुठल्याशा पार्किंगमध्ये वाढलेली. म्हणाली, पिल्लं लगेच जातात, हिच्याकडे कोणी बघत नाही. तेवढ्यात आत्या, हो, आल्या होत्या परत, राहवतंय थोडंच! म्हणाल्या, 'कान तुटलाय, भांडकुदळ असणार.' मुलगी म्हणते, 'ते टोक डॉक्टरांनीच कापलंय. ऑपरेशन झाल्याची खूण असते, म्हणजे पुन्हा पकडून नेत नाहीत.' दुसऱ्यांदा गप्प बसल्या आत्या! एका आठवड्यात दोनदा, मला तर पोहे गोडच लागले.

आता असं आहे की एक महिना फॉस्टर. जमलं नाही तर रेस्क्यूवाले परत नेतील, नानांना काही झालं तरी तेच नेतील, तसं लिहूनच देतात. शनिवारी येणार. आल्या आल्या घरभर सोडायचं नाही म्हणे, मागच्या खोलीत ठेवायचं, पलंगाखाली दडून बसली तर बसू द्यायचं. मागची खोली म्हणजे नानांची हं! पेपर वाचायची!

नाना मात्र सगळ्यांना सांगत फिरतायत, 'अजून काही ठरलेलं नाही, महिन्यानं बघू.' आणि काल जाळीवाल्याला बजावताना मी या कानांनी ऐकलं, 'चांगली दहा वर्षं टिकेल अशी लाव रे.' खोटं वाटत असेल तर विचारा त्यालाच, उद्या तुमच्या बाल्कनीच्या कामाला येणार आहे ना तो?