करीच्या दिवशीची मरळ

महागावला अजून रेल्वे नाही. पुण्याहून यायचं तर नांदेडपर्यंत आगगाडी आणि पुढे हदगाव, उमरखेड करत एसटी. नागपूरहून यायचं तर यवतमाळ, आर्णी आणि मग महागाव. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या लोहमार्गाचं काम चालू आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हाही ते चालूच होतं. पाण्यात गळ सोडून तासन्‌तास बसायचा धीर इकडच्या माणसात कुठून येतो, याचा उलगडा मला त्या मार्गाकडे बघून झाला.

महागाव तालुका ही माझी सासुरवाडी. पोळ्याला जावई हजर पाहिजे, हा तिथला दंडक. यंदा सोबत धाकटा मेव्हणा होता. तो पुण्यात संगणकावर काम करतो आणि उरलेल्या वेळात त्याच संगणकावर अमेरिकेतली माणसं बास नावाचा मासा कशी पकडतात ते बघतो. बास आपल्या विदर्भात नाही, हे त्याला सांगून झालं होतं. त्यावर त्याचं उत्तर तयार.

"दाजी, आपली मरळ म्हणजे देशी बासच! तीही झाडोऱ्यात दबा धरते. बेडूक दिसला की झडप!"

म्हणून त्याने कार्बनची काठी, चकचकीत रीळ आणि डोळे वटारलेला एक रबरी बेडूक विकत घेतला होता. उमरखेडच्या पुढे कंडक्टरने त्या काठीकडे बराच वेळ पाहिलं. "हे टीव्हीचं हाये का जी?" त्याने विचारलं. मासे धरायची काठी आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "एवढी महाग? मंग मासा बी मोठाच लागन."

आता करीबद्दल. श्रावणात आमच्या सासुरवाडीत मासळीचं नाव काढत नाहीत. श्रावण संपतो पोळ्याच्या अमावास्येला. त्या दिवशी बैलांना पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे माणसांची पाळी. महिनाभर आवरून धरलेली जीभ त्या सकाळी सुटते आणि ज्याला मटण परवडत नाही किंवा बायको घरात बसू देत नाही, तो तलावाची वाट धरतो.

तलाव गावाला लागूनच. नाव सांगत नाही. गळवाल्यांत जागेचं नाव सांगायची पद्धत नाही. हा पाझर तलाव. पाणी जमिनीत मुरावं आणि खालच्या विहिरींना लागावं म्हणून बांधलेला. मासे ही त्याची जादा जबाबदारी. आम्ही पोचलो तेव्हा पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्यात मासे किती ते कळायला मार्ग नव्हता, पण काठावर गळ त्याहून जास्त असावेत. वेळूच्या काठ्या, त्यांना तंगूस, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा भेंड. डब्यांत ओल्या मातीसकट गांडुळं. कणकेच्या गोळीत कोण काय मिसळतो, हे मात्र सख्ख्या भावालाही सांगायचं नाही. एका निवृत्त गुरुजींच्या गोळीला बडीशेपेचा वास येत होता. ते म्हणाले, "छे, मी आत्ताच पान खाल्लं."

तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे. संस्थेचा माणूस गळवाल्यांकडे काणाडोळा करतो, कारण गळाने तलाव रिकामा होत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पाण्यातली वस्तीही मोठी मजेशीर. कटला आणि रोहू साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ला ओडिशात इंजेक्शन देऊन त्यांच्याच कुळातल्या कार्प माशांची वीण करून दाखवली, तेव्हापासून गावोगावच्या तलावांत बोटुकली आणून सोडायची सोय झाली. थोडक्यात, इथला प्रत्येक रोहू तहसीलदारासारखा बदलीवर आलेला. चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात आली १९५२च्या सुमारास. तिची मादी अंडी-पिल्लं तोंडातच सांभाळते, त्यामुळे तिची प्रजा कधी कमी होत नाही. अस्सल गावकरी म्हणावी अशी एकच, ती मरळ.

मेव्हण्याने रबरी बेडूक भिरकावला. पाळीवर शांतता पसरली. बेडूक पानांवरून टुणटुणत आला, परत गेला, पुन्हा आला. मग त्याच्या वितभर पलीकडे पाणी हललं, एक काळंभोर डोकं वर आलं, तोंड उघडून हवेचा घोट घेतला आणि बेडकाकडे ढुंकूनही न बघता खाली गेलं. मरळीला मधून मधून हवेत श्वास घ्यावा लागतो. तो तिने आमच्यासमोर घेतला, एवढंच.

शेजारचे आबा हसले. "बापू, इथले मासे शिकेल हायेत. येडे होते ते आमी खाल्ले."

आबांना ठाऊक नसेल, पण हेच सिद्ध करायला अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रिज लेकवर संशोधक वर्षानुवर्षं खपले. तिथे पकडलेला प्रत्येक बास खूण करून परत सोडत. तलाव उपसला तेव्हा सतराशेवर मासे निघाले आणि त्यांतले सुमारे दोनशे एकदाही गळाला लागलेले नव्हते. उलट एक महाभाग एकाच वर्षात १६ वेळा लागला होता. पुढे गळाला लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या अशा दोन्ही घराण्यांची वीण वेगवेगळी वाढवली, तर गळाला भुलणं हे वंशपरंपरेने उतरतं असं २००९ साली छापून आलं. आमच्याकडे १६ वेळा लागायची सोय नाही. पहिल्याच वेळी रस्सा होतो. त्यामुळे महागावची निवड जास्त कडक.

दुपार कलली. गुरुजींना बोटभर चिलापी मिळाली आणि त्यांनी ती पोतंभर असल्यासारखी पिशवीत ठेवली. मेव्हण्याने जागा बदलली. झाडोऱ्याजवळ पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा बुडबुडत होता. त्याने बेडूक नेमका त्यावरून ओढला आणि पाणी फुटलं! काठी वाकली, रीळ किंचाळलं, पाळीवरचे सगळे आपापले गळ सोडून धावले. दीडेक किलोची मरळ काठावर आली.

"भुकेनं नाही आली ते," आबा म्हणाले. "लेकराईवर बेडूक आला म्हणून चिडली. सोड तिले."

सोड? करीच्या दिवशी? जमलेल्यांत दोन तट पडले. रश्श्याचा तट मोठा होता. आबा हटेनात. मरळीत आईबाप पिल्लं राखतात. ते गेले की चिलापी आणि बाकीचे थवा फस्त करतात. "आज एक खासान, तं पुढच्या करीले काय खासान? रबराचा बेडूक?"

मेव्हणा खुशीत होता; व्हिडिओतही सोडतातच. त्याने फोटो काढला आणि मरळ पाण्यात सोडली. ती क्षणभर थांबली आणि थेट पिल्लांखाली गेली. रात्री सासूबाईंनी आम्हा दोघांना पुरेल एवढं वांग्याचं भरीत केलं आणि "मासा कुठं हाये?" असं एकदाच विचारलं. फोटो दाखवल्यावर त्यांनी भाकर जरा जोरात थापली.

तेव्हा वाचकहो, पोळ्याला यवतमाळकडे गेलात तर गळ जरूर टाका. आधी संस्थेच्या माणसाला विचारा आणि पाण्यावर लाल थवा दिसला तर काठी दुसरीकडे वळवा. शहाण्या मरळीला फसवायचा तेवढा एकच मार्ग आहे, आणि तो वापरायचा नाही.