जीभ दाखवा

तुमच्याही सोसायटीत एक नाना असणारच. आमचे नाना सकाळी सहाला गव्हांकुराच्या रसाचा गडू घेऊन लिफ्टपाशी उभे असतात. नमस्कार-चमत्कार काही नाही. एकदम, "जीभ दाखवा."

दाखवावी लागते, कारण तोवर ते लिफ्टचं दार सोडत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून, मान वाकडी करून तपासणी होते. "पांढरा थर. आम साचलाय. काल रात्री वडे?" वडे साबुदाण्याचे होते, पण नानांच्या दरबारात एकादशीची सबब चालत नाही. त्यांनी पोस्टमनची जीभ पाहिली आहे, सिलिंडरवाल्याची पाहिली आहे. वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून जुंपली तेव्हा ते सेक्रेटरींना म्हणाले, "जरा तोंड उघडा." सेक्रेटरी बिचारे खुलासा करायला उभे राहिले.

नाना तीस वर्षं एका कारखान्यात बॉयलरवर होते. त्यामुळे देह म्हणजे बॉयलर, खाणं म्हणजे कोळसा, टॉक्सिन म्हणजे आत धरलेली खपली आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे गंजावरचा उतारा, हे पक्कं. सोमवारी दुधीचा रस, मंगळवारी कारल्याचा, बुधवारी गुळवेल आणि रात्री दोन चमचे त्रिफळा. गुरुवारी नाना सहसा दिसत नाहीत.

एकदा मी वाद घालून पाहिला. म्हटलं, "नाना, दीड किलोचं यकृत आत फुकट राबतंय. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर गाळतात, त्यातलं दीड-दोन लिटर बाहेर टाकतात आणि बाकीचं परत घेतात. आपल्या टाकीचा हिशेब तरी इतका चोख आहे का? त्यात तुमचा गडू काय दिवे लावणार? आवळा खा, कोकम खा, कोण नको म्हणतंय? पण त्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या कशाला? फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्यांवर प्रयोग झाला, १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नाही, जास्त निघाला!"

नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"फार बोलता. जीभ दाखवा."

कडू दुधीचा रस जिवावर बेतू शकतो, हे सांगितल्यापासून मात्र ते आधी एक चकती चाखून बघतात. आयुष्यात माझं ऐकलं ते एवढंच.

गेल्या महिन्यात त्यांचं एक पत्र चुकून माझ्या पेटीत आलं, म्हणून रविवारी सकाळी वर गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर चार चौकोन. न्यू जर्सी, मेलबर्न, नागपूर, बदलापूर. चारही चौकोनांत साठी उलटलेली माणसं, आणि चौघांच्याही जिभा बाहेर.

"भावंडं," नाना मान न वळवता म्हणाले. "बसा."

मग कळलं. लहानपणी दर रविवारी सकाळी एरंडेल. पाच पोरं ओळीत, चमचा एकच. धाकटी गालात धरून ठेवायची आणि अंगणात जाऊन तुळशीत थुंकायची. तुळस जळाली तेव्हा आईच्या लक्षात आलं. तेव्हापासून थोरल्याला काम लागलं. प्रत्येकाची जीभ बघायची आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचं, "गेलं!" मग आई गुळाचा खडा द्यायची.

नाना एकेक चौकोन नीट बघत होते. "गेलं... गेलं... ए, तू बाहेर काढ नीट. हां, गेलं." नागपूरचे गृहस्थ निवृत्त न्यायाधीश आहेत म्हणे. त्यांनी निमूटपणे पुन्हा काढली.

शेवटी बदलापूरहून धाकटी म्हणाली, "दादा, आता तुझी."

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून ठेवला आणि पडद्याकडे वाकले. जीभ हिरवीगार होती. धाकटी बराच वेळ बघत राहिली.

मग मागे वळून, कुणाला तरी सांगावं तशी म्हणाली, "गेलं."